भाव कमी होणार नाही : लासलगाव, पेठ आणि परत

नाशिककर पेठच्या बाजूला जातो तो पावसाळ्यात, धबधबे बघायला. आम्ही गेलो ते फेब्रुवारीच्या शेवटी, डोंगर पिवळे पडलेले असताना, आणि रागाच्या भरात. तरीही तो घाट, तिथली माणसं आणि एका विहिरीच्या काठावर गेलेली दुपार लिहून ठेवण्यासारखी आहे, म्हणून हे लिहिते.

आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ सुनंदा. नवऱ्यांच्या नोकऱ्या त्यांच्या त्यांच्या ठिकाणी. आम्ही दोघींनी मिळून अंबडच्या एमआयडीसीत सर्किट बोर्ड बनवायचा छोटा कारखाना टाकला. टीव्ही किंवा मिक्सर उघडला की आत एक हिरवी पाटी दिसते ना, जिच्यावर बारीकसारीक भाग बसवलेले असतात? ती पाटी आम्ही करतो. भाग बसवणारे वेगळे. तांब्याच्या टाक्या, रसायनं आणि यंत्रं सुनंदाकडे. गिऱ्हाईक, बोलणी आणि भाव माझ्याकडे.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे सिन्नरची एक कंपनी. ती सोलर पंपांचे कंट्रोलर बनवते. तिथे खरेदीला नवे साहेब आले होते, भामरे. त्यांचा मेल आला: दुसऱ्या एका पुरवठादाराने बराच कमी भाव दिला आहे, त्याचा एक लॉट आम्ही घेऊन बसवलासुद्धा, काही अडचण नाही. सोमवारी येऊन हा भाव जुळवा, नाहीतर वर्षाची ऑर्डर तिकडे जाईल.

मी तो भाव सुनंदाला दाखवला. तिने हातमोजे काढले, आकडा वाचला आणि म्हणाली, "ताई, एवढ्यात तर भोकात तांबंसुद्धा चढत नाही."

"मग बसवलेले बोर्ड चालतायत कसे?"

"चालतायत का, ते बघून यायचं?"

असा हा प्रवास ठरला.

लासलगाव

पहिल्या दिवशी लासलगावला, कारण त्या कंपनीचे पंप बसवणारे निवृत्तीभाऊ तिथले. त्यांचं सोलर पंपांचं दुकान आहे, आणि शेतीही. फोन केला तर म्हणाले, "दुकानात नका येऊ, मार्केटात या. आज माझाच कांदा हाय."

निफाडच्या रस्त्याला द्राक्षांची तोडणी चालू होती. पुढे ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. बाजार समितीच्या आवारात शिरल्यावर सुनंदाने आमची व्हॅन कशीबशी एका झाडाखाली लावली, आणि उतरताना कांद्याच्या पातीवरून घसरून पहिला पाय तिने चिखलात घातला. "झाला शुभारंभ," म्हणाली.

ज्यांनी कांद्याचा लिलाव पाहिला नसेल त्यांना सांगते. ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपासून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतो. कुणी हात खोल घालून आतला कांदा वर काढतो, कुणी दाबून बघतो, आणि पुकारणारा आकडे ओरडत जातो. शेतकरी तिथेच उभा असतो. सगळं एखाद्या मिनिटात उरकतं.

निवृत्तीभाऊंच्या ट्रॉलीशी घोळका आला. रांगडा कांदा, म्हणजे पावसाळा सरताना लावलेला; चांगला गोल, कोरडा. पुकारा चढला आणि थांबला. भाऊंनी मान हलवली. "नाय द्यायचा."

"अहो, यापेक्षा आज कुणाला गेला नाही," एक व्यापारी म्हणाला.

"नको जाऊ दे. माझा माल मी वळवतो." आणि खरंच त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला. घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकलासुद्धा. कुणाला राग आला नाही, कुणी मनधरणी केली नाही. मी बघत राहिले. आमच्या धंद्यात भाव मेलवर येतो. समोर माणूस नसतो, आणि मालात हात घालून बघायला तर कुणीच येत नाही.

मग शेवभाजी आणि बाजरीची भाकरी खाताना मी भाऊंना विचारलं, ते नवे बोर्ड कसे चालतायत. भाऊंनी घास ठेवला.

"तुमच्या बोर्डाचा मला फोन येत नाय. नव्या लॉटचा रोज येतो. पेठच्या बाजूला पाच पाड्यांत बसवलेत. पाण्याच्या योजनेचे पंप. मी कंपनीला सांगतो बोर्ड खराब हाय, कंपनी म्हणती वायरिंग तुमचं खराब हाय. वायरिंग मी दोनदा बदललं." त्यांनी बोटाने टेबलावर रस्ता काढून दाखवला. "करंजाळीच्या पुढं डावीकडं वळा. यशोदाबाईंना विचारा. पण जपून हां. बाई कडक हायत."

सावळघाट

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मागच्या सीटवर आमचं सामान: मीटर, पिवळ्या रंगाची जुनी सोल्डरिंग पेटी, नमुन्याच्या थोड्या पाट्या आणि सुनंदाने बांधून घेतलेले पराठे.

घाटात पळस फुलला होता. बाकी सगळा डोंगर वाळक्या गवताचा, आणि मध्येच हे पेटल्यासारखं झाड. सुनंदा गाडी चालवत होती. मी सोमवारच्या बोलण्याची तालीम करत होते. भामरे साहेबांना वाटतं की बोर्डाचा भाव म्हणजे कापडाचा भाव: इतका लांब, इतका रुंद, इतके पैसे. तसं असतं तर मी घरी बसून गुणाकार केला असता.

पाटी कापतात ती ठरलेल्या मापाच्या मोठ्या शीटमधून. तुमच्या बोर्डाचं माप असं असेल की शीटच्या कडेला चार बोटांची पट्टी वाया जाते, तर त्या पट्टीचेही पैसे तुमच्याच बोर्डावर बसतात. माप थोडं बदललं तर भाव उतरतो. हे मी गिऱ्हाइकाला आपणहून सांगते. नक्षीची फिल्म एकदाच करावी लागते. दहा बोर्ड घेतले तर तिचा भार दहांवर, हजार घेतले तर हजारांवर. मग भोकं. भोक जितकं बारीक तितकी ड्रिलची सुई लवकर मोडते, आणि एका वेळी एकावर एक कमी शीट ठेवता येतात. त्यानंतर तांब्याची टाकी. पाटीच्या वरच्या आणि खालच्या रेषा जोडायच्या तर भोकाच्या आतल्या भिंतीवर तांब्याचा थर चढवावा लागतो, आणि जाड थराला टाकीत वेळ लागतो. वर हिरवा रंग, कथिलाचा मुलामा, आणि शेवटी प्रत्येक पाटीची, गार आणि तापवून, विजेवर तपासणी.

यातला रंग कमी केला तर दिसतो. माप कमी केलं तर बसत नाही. भोकातलं तांबं कमी केलं तर मात्र कुणालाच दिसत नाही, आणि तपासणी केलीच नाही तर तेही दिसत नाही. स्वस्त भाव तिथून येतो.

"ताई, काटा बघ," सुनंदा म्हणाली. गाडीच्या तापमानाचा काटा वर चढला होता. बॉनेटमधून वाफ. आम्ही वळणावर थांबलो, चाकांना दगड लावले. आमच्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या इंजिन गार झाल्यावर त्यात गेल्या, आणि आम्ही करंजाळीपर्यंत तहानेने गेलो. तिथल्या टपरीवर चहाच्या आधी मी तांब्याभर पाणी मागितलं. टपरीवाली म्हणाली, "पाणी जपून प्या बाई, टँकरचं हाय." पाण्याचे जार विकत घेऊन ठेवणाऱ्या शहरातून मी आले होते. मी अर्धा तांब्या परत केला.

पाडा

डावीकडचा रस्ता पुढे मातीचा झाला आणि एका पाड्यापाशी संपला. कारवीच्या भिंतींची, सारवलेल्या अंगणांची घरं. वर टेकाडावर पाण्याची टाकी. खाली ओढ्याकाठी विहीर, शेजारी सोलरची पॅनेलं आणि खांबाला लावलेली पत्र्याची पेटी. त्या पेटीत तो बोर्ड.

आम्ही गाडीतून उतरतोय तोच एक बाई घरातून आल्या. पन्नाशीच्या, अंगाने काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं. पाणी समितीच्या अध्यक्ष यशोदाबाई त्याच.

"कंपनीचीच ना तुमी?"

"नाही बाई, आम्ही नुसता आतला बोर्ड बनवतो," मी म्हणाले.

"बोर्डच बिघडलाय म्हणं."

"हो, पण तो बोर्ड आमचा नाही. दुसऱ्यांनी केलाय."

"त्यो तुमचा नाय. कंपनी म्हणती आमचा नाय. पंप बसवणारा म्हणतो माझा नाय." बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मग काय माझा हाय?"

तेवढ्यात त्यांनी उघड्या खिडकीतून हात घातला, गाडीची चावी काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"पाणी वर चढलं का चावी."

सुनंदा भडकली. "अहो, असं कसं? आम्ही बघायला आलोय, मदत करायला—"

"बघायला लय जण आले. फोटो काढले नि गेले. गाडी होती ना त्यांच्याकडं."

आसपास बायका जमल्या. त्या आपसात त्यांच्या कोकणा बोलीत भराभर बोलत होत्या. मला सगळं कळलं नाही, पण हसणं कळलं. मला संताप यायला हवा होता. पण त्या चावीच्या गाठीकडे बघताना मला तो मेल वाचून आलेला राग आठवला. मी नुसती चरफडले होते. या बाईंनी चावी काढून घेतली होती.

आम्ही खाली विहिरीवर गेलो. यशोदाबाईंनी एक गोष्ट सांगितली आणि सुनंदाने कान टवकारले: "सकाळी चालतो. ऊन चढलं का बंद. सांजच्याला पुन्हा थोडा चालतो, तवा ऊनच नसतं."

"तापला की बंद," सुनंदा पुटपुटली. तिने पेटी उघडली, बोर्ड सोडवला, सावलीत धरून मीटर लावला. सगळं जोडलेलं दाखवत होता. मग तिने तो बोर्ड उन्हात तापलेल्या दगडावर ठेवला. आम्ही वाट बघितली. पुन्हा मीटर लावला तर काही जोड गायब. पाटी उन्हाने फुगते. भोकातलं तांबं पातळ असेल तर त्याला बारीक चीर पडते. गार असताना चिरेची दोन टोकं टेकलेली राहतात, तापली की सुटतात. नाशिकच्या ऑफिसात एसीत ठेवून बघितला असता तर हा बोर्ड वर्षभर चालला असता.

आता खरा प्रश्न आला. सुनंदा मला बाजूला घेऊन गेली.

"ताई, भोकांमधून बारीक तार घालून दोन्ही बाजूंनी सोल्डर केलं तर हा चालेल. मी करू शकते. पण आपण हा दुरुस्त केला तर सोमवारी भामरे काय म्हणतील? चालतोय की! आपलाच पुरावा आपण आपल्या हाताने पुसायचा?"

ती चुकीचं बोलत नव्हती. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाचं घर त्या ऑर्डरवर चालतं, आणि हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

मी वर टेकाडाकडे बघितलं. टाकीपाशी हंडे मांडलेले, आणि बायका वाट बघत बसलेल्या.

"मग त्यांना काय सांगू? थांबा, आमची मीटिंग होऊ द्या?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं, मग पदर खोचला. "वीज कुठनं घ्यायची ते विचार."

जवळच्या घरातून वायर ओढली. सोल्डरिंगच्या वासाने पोरं गोळा झाली, यशोदाबाईंनी ती हाकलली. सुनंदा विहिरीच्या काठावर मांडी घालून बसली, मी भिंगातून बघून तिला एकेक भोक दाखवत गेले. ऊन डोक्यावर आलं तसा घामाचा थेंब बोर्डावर पडू नये म्हणून एक म्हातारी आजी आपणहून येऊन तिच्या कपाळाला फडक्याने टिपत राहिली, ऑपरेशन चालू असल्यासारखं.

बोर्ड परत बसवला. पंप घुरघुरला. पाइपात हवा खोकली, आणि मग वरून, टेकाडावरून, बायकांचा ओरडा ऐकू आला.

यशोदाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि चावी माझ्या हातावर ठेवली. मी त्यांना खरं ते सांगितलं: "बाई, हे टाके घातलेत. पावसाळ्यापर्यंत टिकतील का, सांगता येत नाही."

"मग टिकणारा आना."

"तो माझ्या हातात नाही. कंपनी..."

"तुमच्या हातात काय हाय?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, खरोखरचा प्रश्न होता.

मग आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी. आमच्या घरी उडीद म्हणजे पापडापुरता. इथे तो चुलीवरच्या धुराची चव घेऊन ताटभर पसरला होता. सुनंदाने आमचे पराठे पुढे केले. यशोदाबाईंनी एक तुकडा चाखला आणि म्हणाल्या, "मऊ हाय. म्हाताऱ्यांना बरा." यावर सुनंदा इतकी हसली की तिला ठसका लागला.

परतताना सुनंदाच गाडी चालवत होती. बाईंचा तो प्रश्न गाडीत बसला होता. नाशिकच्या पेठ नाक्याला येता येता मी म्हणाले, "सुनंदा, सिन्नरचा तयार लॉट अजून आपल्याच गोदामात आहे ना?"

तिने माझ्याकडे मान वळवली. "आहे. पॅक करून ठेवलाय, या आठवड्यात गेला नाही तर त्यांचं काम अडेल. का?"

"तो आपल्या हातात आहे."

सिन्नर

सोमवारी भामरे साहेबांनी आम्हाला काचेच्या खोलीत बसवलं. चहा आला, बिस्किटं आली. साहेब वाईट माणूस नाही. बोलणं मवाळ, सुनंदाकडे तिच्या मुलाच्या दहावीची चौकशी केली. मग म्हणाले, "तर मॅडम, भाव."

"भाव तोच आहे."

"मग आपण बोलतोय कशाबद्दल?"

मी त्यांना पाड्यावरचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "हे सर्व्हिसकडे द्या, खरेदीचा विषय नाही. आणि दुरुस्त करून तो चालू केलात ना? मग झालं तर." सुनंदाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मॅडम, मलाही वरून आकडा दिलाय. एक मार्ग सांगतो. तपासणी काढून टाका. तेवढा भाव उतरवा. बोर्ड तुमचे चांगलेच असतात, तपासायचे कशाला?"

मीटिंगमध्ये सुनंदा कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"साहेब, तपासणी काढायची तर पाटीवरचं आमचं चिन्हही काढावं लागेल. आणि चिन्हाशिवाय आम्ही पाटी विकत नाही."

"म्हणजे ऑर्डर नको?"

"ऑर्डर हवी," मी म्हणाले. "पण आज मी वेगळं सांगायला आले आहे. तुमचा चालू लॉट आमच्याकडे तयार आहे. पेठच्या पाचही पाड्यांतले बोर्ड तुम्ही बदलताय असं लेखी मिळाल्याशिवाय तो निघणार नाही. आमच्याकडूनच घ्या असं नाही. कुणाकडूनही घ्या, पण तपासलेले घ्या."

साहेबांनी कप खाली ठेवला. "तुम्ही मला अट घालताय? तुम्ही?"

"हो."

"त्या पाड्यांशी तुमचा काय संबंध?"

"माझी गाडी तिथे अडकली होती," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. आतून फोनवरचे आवाज येत होते, चढे. या वेळी चहा आला नाही. सुनंदा पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून शांतपणे खात बसली; अर्धी मला दिली.

बऱ्याच वेळाने साहेब स्वतः दाराशी आले. चेहऱ्यावर मवाळपणा उरला नव्हता. पाच पाड्यांचे बोर्ड बदलले जातील, पाट्या आमच्याच, कारण लगेच दुसरीकडे मिळणार नाहीत, आणि आमच्याच भावाने. चालू लॉट आजच पाठवा. "आणि वर्षाची ऑर्डर," ते म्हणाले, "विसरा."

ऑर्डर गेली. त्याची किंमत आम्ही मोजली. दुसरी पाळी बंद केली. सुनंदा आणि मी पगार न घेता राहिलो, कुणाला काढलं नाही. छोटी कामं धरली: वजनकाट्याचे बोर्ड, पिठाच्या गिरणीचे टायमर, जे आधी मी वेळ नाही म्हणून परत पाठवायची. त्या प्रत्येकाला मी भाव उलगडून सांगते, कशाचे किती. काही जण ऐकून निघून जातात. जाऊ देत.

पुन्हा पेठ

नवे बोर्ड बसवायला कंपनीचा तंत्रज्ञ निघाला तेव्हा आम्ही दोघी आपल्या गाडीने त्याच्या मागे गेलो. बोलावलं नव्हतं कुणी. रेडिएटर या वेळी दुरुस्त केलेला, आणि सोबत पाणी भरपूर. पळस झडून गेला होता, उन्हाने डोळे दिपत होते.

तंत्रज्ञाने अर्ध्या तासात काम उरकलं. पंप सुरू झाला. त्याने काम पूर्ण झाल्याचा कागद यशोदाबाईंपुढे धरला. "सही करा बाई, मला अजून चार पाडे करायचेत."

बाईंनी कागद हातात घेतलाच नाही. "आता सकाळ हाय. सकाळी त्यो जुना पण चालायचा. दुपारच्या उन्हात चालू दे. मग सही."

"बाई, मला उशीर होतोय. चालतोय ना, दिसतंय की!"

तो आमच्याकडे बघायला लागला, आम्ही शहरातल्या, आम्ही समजावू या आशेने. सुनंदाने चप्पल काढली आणि विहिरीच्या काठावर बैठक मारली.

"बसा दादा," ती म्हणाली. "बाई बरोबर बोलतायत."

तो बसला. मीही बसले. यशोदाबाई पंपाच्या पेटीसमोर उकिडव्या बसल्या, डोळा तिच्यावर. ऊन चढलं, दगड तापले, पत्र्याची पेटी हात लावला तर चटका बसावा इतकी तापली. पंप चालूच होता. वर टाकीतून पाणी ओसंडून टेकाडाच्या उतारावर ओघळायला लागलं तेव्हा बाई उठल्या, कोरडेच हात पदराला पुसले, आणि म्हणाल्या, "आना इकडं तो कागद."